स्कोपीच्या वेळी गुंगीचं औषध: ज्युनिअर डॉक्टरांना कसं शिकवावं?

सांगली फिजिशियन:
नमस्कार मंडळी. सांगलीतल्या एका मध्यम रुग्णालयात मी स्कोपी, म्हणजे दुर्बिणीनं पोटाची तपासणी, करतो. नवे रेसिडेंट आलेत, हुशार आहेत, दुर्बीण हातात घ्यायला उतावीळ आहेत. पण गुंगीच्या औषधाचं विचारलं की उत्तर एकच, ‘मिडाझोलाम दोन द्यायचं.’ दोन काय, किती वेळात, कुणाला, हे विचारलं की गप्प. भूलतज्ज्ञ आमच्याकडे ठरावीक केसलाच येतात. लेक्चर घेऊन झालं, पण ते हातात उतरत नाही. सुरुवात कुठून करू?

मिरजेची भूलतज्ज्ञ:
सर, पहिले काही आठवडे त्यांना स्कोप देऊच नका. पेशंटच्या डोक्याशी उभं करा. तिथं दुसरं कुठलंही काम सांगायचं नाही, बायोप्सीची बाटलीसुद्धा धरायला लावायची नाही. छाती हलतेय का आणि पेशंट हाकेला ओ देतोय का, एवढंच बघायचं. मी मुलांना मॉनिटरकडे पाठ करून उभं करते आणि पोटावर हात ठेवून श्वास मोजायला लावते. कारण नाकात ऑक्सिजन चालू असला की श्वास थांबल्यावरही मॉनिटर सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, बराच वेळ ९८ टक्के दाखवत राहतो. कॅप्नोग्राफ, म्हणजे बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र, असेल तर जरूर लावा, त्यात श्वास थांबल्याचं लगेच कळतं.

‘दोन एमएल दे’ ही भाषा स्कोपी रूममधून बंद करा. मिडाझोलाम १ मिलिग्रॅम प्रति एमएल आणि ५ मिलिग्रॅम प्रति एमएल, दोन्ही मिळतं. तेच दोन एमएल एकातून २ मिलिग्रॅम जातं आणि दुसऱ्यातून १०. ब्रिटनमध्ये २००८ साली नॅशनल पेशंट सेफ्टी एजन्सीला याच धोक्याबद्दल सगळ्या रुग्णालयांना इशारा द्यावा लागला होता. रूममध्ये १ मिलिग्रॅम प्रति एमएलवालंच ठेवा. सांगणाऱ्यानं मिलिग्रॅममध्ये सांगायचं, देणाऱ्यानं मोठ्यानं उच्चारून द्यायचं.

पण माझं मन सगळ्यात जास्त अडतं ते दुसऱ्या डोसवर. आटपाडीकडची सत्तरीतली, चाळीस किलोची आजी टेबलावर आहे असं धरा. तिला अर्धा ते एक मिलिग्रॅम, तेही सावकाश. मग थांबायचं. औषध पुरतं चढायला तीन ते पाच मिनिटं लागतात, म्हाताऱ्या माणसात त्याहूनही जास्त. बाहेर रांग लागलेली असते, आजी हात झटकतेय, सीनियर घड्याळ बघतोय, आणि मूल घाईनं पुन्हा सुई टोचतं. मग दोन्ही डोस एकदम अंगावर येतात. म्हणून सर, थांबायचं आधी तुम्ही शिका असं मी स्पष्टच म्हणेन. तुम्ही घाई केलीत तर मुलं थांबणार नाहीत. फेंटानिल हे वेदनाशामक द्यायचंच असेल तर ते आधी द्या, अंमल बघा, मग मिडाझोलाम नेहमीपेक्षा कमी. हाक मारली की डोळे उघडणारा पेशंट आपल्याला हवाय. प्रोपोफॉल हे भुलीचं औषध या मुलांच्या हातात नको, त्याला उतारा नाही.

सांगली फिजिशियन:
मॅडम, पटलं. उद्यापासून घड्याळ मी स्वतः बघतो. मिडाझोलामचा उतारा, फ्लुमाझेनिल, आमच्या कपाटात आहे. ते दिल्यावर पेशंट टक्क जागा होतो, मग सोडलं तर चालेल का?

मिरजेची भूलतज्ज्ञ:
अजिबात नाही. ०.२ मिलिग्रॅम देऊन बघा, गरज पडली तर मिनिटाभरानं पुन्हा, एकूण १ मिलिग्रॅमपर्यंत. पण त्याचा असर तासाभरात ओसरू शकतो आणि मिडाझोलाम अंगात शिल्लक असतं. पेशंट पुन्हा गुंगीत जाऊ शकतो. निदान दोन तास नजरेखाली ठेवा. आणि उतारा देण्याआधी जबडा उचला, ऑक्सिजन वाढवा, गरज पडली तर बॅगनं श्वास द्या. हे हातानं करायचं काम मुलांना ऑपरेशन थिएटरमध्ये माझ्यासारखीकडे पाठवून शिकवा.

तासगावची सिस्टर:
डॉक्टर, टेबलाआधीचंही मुलांनाच विचारायला लावा. जतहून पहाटेच्या एसटीनं आलेला माणूस ‘काही खाल्लं नाही’ म्हणतो, पण दुधाचा चहा घेतलेला असतो. त्यालाही सहा तास धरावे लागतात. कवळी, तोंडातली मिश्री बघायची. झोपेत घोरता घोरता श्वास अडकतो का, हे बायकोला विचारायचं, नवरा कधीच खरं सांगत नाही. सोबत माणूस नसेल तर गुंगी न देता, नुसता घशात स्प्रे मारून तपासणी होईल का ते बघा. गुंगी दिलीच तर २४ तास मोटारसायकल, ट्रॅक्टर, कडबाकुट्टी काही नाही. आम्ही हे मराठीत कागदावर लिहून सोबतच्या माणसाच्या हातात देतो, कारण पेशंटला त्या वेळी सांगितलेलं नंतर आठवत नाही.