मेंदूच्या दुखापतीनंतर रुग्ण कितपत सावरेल याचा अंदाज: मॉडेल आणि डेटा सुचवा

आकडेमोड:
नमस्कार मंडळी. डोक्याला जबर मार लागलेल्या रुग्णांची ६ महिन्यांनंतरची स्थिती मशीन लर्निंगने वर्तवायची, असा एमएस्सीचा प्रकल्प घेतलाय. विषय मनापासून निवडलाय, नुसते मार्क मिळवायला नाही. मॉडेल म्हणून एक्सजीबूस्ट किंवा न्यूरल नेटवर्क डोक्यात आहे. डेटा मिमिकचा (अमेरिकेतल्या आयसीयू नोंदींचा संग्रह) घ्यावा का? जाणकारांनी कृपया सांगा.

संख्याप्रेमी:
आधी साधं लॉजिस्टिक रिग्रेशन, म्हणजे शक्यता वर्तवायची जुनी संख्याशास्त्रीय पद्धत, करा. या क्षेत्रात २००८ साली आलेली इम्पॅक्ट आणि क्रॅश ही मॉडेलं अजून पाय रोवून उभी आहेत. इम्पॅक्टच्या मूळ मॉडेलला तीनच गोष्टी लागतात: वय, ग्लासगो कोमा स्केलमधला (डोळे उघडणं, बोलणं आणि हालचाल यांना गुण देऊन शुद्ध मोजायची पद्धत) हालचालीचा गुण आणि डोळ्यांच्या बाहुल्यांची उजेडाला प्रतिक्रिया. २०२० साली रँडम फॉरेस्ट, न्यूरल नेटवर्क वगैरेंची रिग्रेशनशी तुलना झाली. मोजकीच चलं (वय, गुण अशा नोंदी) हाताशी असताना कुणीही ठळक बाजी मारली नाही.

मिमिकमध्ये मृत्यूची नोंद मिळेल, पण ६ महिन्यांनी माणूस स्वतःचं स्वतः करतो का, हे सांगणारी जीओएसई श्रेणी मिळणार नाही. त्यासाठी सेंटर-टीबीआय किंवा ट्रॅक-टीबीआय या मेंदूच्या दुखापतीवरच्या मोठ्या अभ्यासांच्या डेटासाठी रीतसर अर्ज करावा लागतो. तो लवकर करा.

रात्रपाळी:
मी न्यूरो आयसीयूत नर्स आहे. श्वासासाठी घशात नळी घातलेला पेशंट बोलूच शकत नाही. त्याचा बोलण्याचा गुण कुणी १ लिहितं, कुणी ‘टी’ (म्हणजे ट्यूब), कुणी रकाना कोरा सोडतं. त्या १ चा अर्थ मेंदू प्रतिसाद देत नाही असा लावू नका. गुंगीचं औषध चालू असेल तर हालचालीच्या गुणावरही त्याचा परिणाम असतो, तेव्हा औषधाआधीची नोंद शोधा.

आणि मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती याची: पेशंट सावरणार नाही असं ठरतं, घरचे होकार देतात, व्हेंटिलेटर काढला जातो. तुमच्या फाइलीत तो फक्त ‘मृत्यू’. मॉडेल त्यातून शिकणार की असे पेशंट जातातच, आणि पुढच्या पेशंटच्या वेळी तेच आकडे डॉक्टरांसमोर येणार. उपचार थांबवल्याची नोंद असलेले पेशंट वेगळे काढून निकाल पुन्हा तपासा. एवढं कराच.

आकडेमोड:
हे कुठल्याच ट्यूटोरियलमध्ये नव्हतं, मनापासून आभार. एयूसी (मॉडेल दोन गटांतले रुग्ण किती नीट वेगळे ओळखतं त्याचं माप, १ म्हणजे अचूक) ०.८५ च्या पुढे गेला तर पुरेसं धरू का?

संख्याप्रेमी:
नाही. कॅलिब्रेशन बघा. ज्यांना मॉडेल ७० टक्के धोका सांगतं, त्या शंभरातले खरोखर सत्तरच्या आसपास दगावले का? शिवाय शिकवायचा आणि तपासायचा डेटा अशी सरसकट रँडम विभागणी नको. एखादं केंद्र, म्हणजे रुग्णालय, पूर्ण बाजूला ठेवा आणि मॉडेल त्यावर तपासा. लिहायला बसण्याआधी ट्रायपॉड प्लस एआयची २०२४ ची यादी वाचा; अशा मॉडेलच्या अहवालात काय काय लिहायचं ते त्यात आहे.

रात्रपाळी:
निकाल दाखवताना एकच टक्केवारी देऊ नका, कमीत कमी आणि जास्तीत जास्त दोन्ही द्या. नातेवाईक कानावर पडलेला एक आकडा धरून बसतात.

आकडेमोड:
ठीक. अर्ज याच आठवड्यात टाकतो, आणि ‘टी’साठी वेगळा रकाना करतो.