पोस्टरपेक्षा आशाताई बऱ्या

वर कोणीतरी लिहिलंय की दापोलीकडे गावात पोस्टर लावूनही बायका कॅन्सर तपासणीला आल्या नाहीत. अहो पण पडवीत मिश्री लावत बसलेल्या काकूला 'तंबाखू सोडा' वाचून आपल्याबद्दल लिहिलंय असं वाटणारच नाही, मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच हे तिला कोणी शेजारी बसून सांगायला हवं ना. मुंबईत टाटा मेमोरियलने १९९८ पासून वस्त्यांमध्ये हेच केलं, दहावी शिकलेल्या बायकांना चार आठवडे ट्रेनिंग देऊन ॲसिटिक ॲसिड (व्हिनेगरमधलं आम्ल) लावून गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी करवली आणि त्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले!! आपल्याकडे आशाताई आहेत, बचतगट आहेत. फक्त तपासणीची तारीख भातलावणीच्या नाहीतर गणपतीच्या गडबडीत ठेवू नका प्लीज, आणि गुटखा खाणाऱ्या पोरांनाही तोंड तपासून घ्यायला बोलवा.