नातवंड झाल्याची बातमी कुणी सांगायची?

नाशिकची आजी
काल आमच्या नात्यातल्या ग्रुपवर एक लेख फिरत फिरत आला. शीर्षक 'नव्या आजी-आजोबांसाठी नियम'. लिहिणारी कुणी तरुण आई. नियम असे: आम्ही सांगेपर्यंत बाळ झाल्याचं कुणाला कळवायचं नाही, फोटो कुठेही टाकायचा नाही, चाळीस दिवस भेटायला यायचं नाही, न विचारता सल्ला द्यायचा नाही. आणि शेवटी एक वाक्य, 'बाळ आमचं आहे, तुमचं नाही.' त्या वाक्याने माझं डोकं फिरलं, म्हणून एवढं लिहायला बसले.

जन्माची बातमी आपल्याकडे कधीच फक्त दोघांची नव्हती. सोयर लागतं. दहा दिवस भावकीत देवपूजा आणि कार्य बंद. कुणाकडे सत्यनारायण ठरलेला असतो, कुणाकडे साखरपुडा. त्यांना लगेच कळवणं भागच होतं. जवळच्या गावांना माणूस जायचा, बाकीच्यांना कोपऱ्यांना हळद-कुंकू लावलेलं कार्ड, फार लांब असतील त्यांना तार. माझ्या थोरलीच्या वेळी तार पोचली तेव्हा आमच्या काकू वाचायच्या आधीच रडायला लागल्या होत्या, कारण तार म्हणजे काहीतरी वाईट हेच डोक्यात बसलेलं. 2013 मध्ये तारसेवा बंद झाली, पण त्या तारेचा कागद मी अजून जपून ठेवला आहे.

बातमी पोचली की मदत सुरू व्हायची. कुणी डिंकाचे लाडू करून पाठवायचं, कुणी आळीव. जुन्या नऊवारीची दुपटी शिवून यायची, कारण धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापडच बाळाच्या अंगाला चालतं. जायफळ-वेखंड-मुरडशेंग घातलेली गुटीची पुरचुंडी यायची. तुम्हाला बाळंतिणीचं करायला माणसं हवीत, मालिशवाली शोधून द्यायला सासू हवी, मग बातमीच्या वेळी तिला 'नियम' कसले लावता?

खारघरहून, एका वर्षाच्या मुलाची आई
काकू, तुमचा राग समजतो, पण माझं ऐका. माझं सीझर ठरलेल्या तारखेच्या आधी करावं लागलं. बाळाला श्वासाचा त्रास होता म्हणून त्याला लगेच काचेच्या पेटीत ठेवलं. मला नीट शुद्ध येईपर्यंत सासरच्या ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पडला होता. त्यात माझा फोटो. अंगावर हॉस्पिटलचा गाऊन, हाताला सलाईन, केस विस्कटलेले. ज्या चुलतदिरांशी मी कधी दोन वाक्यं बोलले नाही, त्यांनी तो पाहिला.

मग फोन. नॉर्मल की सीझर? वजन किती? दूध येतंय का? बाळ पेटीत आणि लोक पेढे मागतायत. डॉक्टर अजून काही सांगायला तयार नव्हते आणि मला प्रत्येकाला 'सगळं ठीक आहे' सांगावं लागत होतं. बातमी चांगली आहे की नाही हे आम्हालाच कळायच्या आत ती गावभर झाली. माझ्या सासूबाई वाईट नाहीत, त्यांना आनंद आवरला नाही एवढंच. पण त्याची किंमत मी दिली.

सातारकर
नाशिकच्या ताईंशी पूर्ण सहमत. ही सगळी आजकालची फॅडं. आमच्याकडे कुणाला काही विचारावंही लागत नाही. दारात बॉक्स आला, उघडला, पेढे असले तर मुलगा, जिलबी असली तर मुलगी. विषय संपला. बातमी गोड तोंडाने सांगायची असते, नियमांनी नाही.

पुण्यातला, दोन मुलींचा बाप
विषय संपला नाही सातारकर, तिथेच सुरू होतो.

माझी दुसरी मुलगी झाली तेव्हा वॉर्डातल्या मावशींनी मला बाहेर येऊन सांगितलं, ते अभिनंदन म्हणून नाही. खांदे पाडून, हळू आवाजात, 'मुलगीच आहे.' मुलगा झाला की ज्या हक्काने पैसे मागतात ते मागितलेसुद्धा नाहीत. माझ्याच वडिलांनी संध्याकाळी जिलबी आणली, तीही निम्मीच घरं करून. मी दुसऱ्या दिवशी कंदी पेढे घेऊन सगळ्या सोसायटीत फिरलो. निम्म्या लोकांनी 'मुलगा का? वा!' म्हटलं. मुलगी म्हटल्यावर हातातल्या पेढ्याकडे बघायला लागले.

2001 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे 913 मुली होत्या, 2011 मध्ये 894. गर्भलिंगनिदानाचा कायदा 1994 चा. म्हणजे कायदा असूनही आकडा खाली गेला. बॉक्स बघून कळतं याचा अभिमान कसला?

सातारकर
हे अती होतंय. जिलबीचा आणि गर्भपाताचा काय संबंध? आमच्या लग्नात पंगतीला जिलबी असते, पंधरा ऑगस्टला अख्खं गाव जिलबी खातं. ती कमी दर्जाची कधीपासून झाली? माझ्या बहिणीच्या वेळी आजोबांनी पाटीभर जिलबी वाटली होती, गावात आजही लोक आठवण काढतात. तुमच्या वडिलांनी निम्मी घरं केली तो तुमच्या घरचा प्रश्न, आकडे आमच्या तोंडावर फेकू नका. पुण्यात राहून गावाला शिकवणं सोपं आहे.

पुण्यातला, दोन मुलींचा बाप
माझ्या वडिलांबद्दल मी बोलू शकतो, तुम्ही बोलू नका. आणि प्रश्न जिलबीच्या चवीचा नाहीच. मुलाचं आणि मुलीचं खोकं वेगळं का, एवढंच सांगा.

बेळगावकर
आमच्या घरी दोन्हीला कुंदा. कधी फरक पाहिला नाही.

बीड जिल्ह्यातली शिक्षिका
मला दोघांनाही काही सांगायचं आहे. 2011 ला आमच्या जिल्ह्याचा आकडा 807 होता, राज्यात सगळ्यात खाली. मी त्याच वर्षांत जन्मलेली मुलं शिकवली आहेत. वर्गात बाकं लावताना मुलींची रांग लवकर संपते, हे मी वर्षानुवर्षं पाहिलंय.

पण माझा अनुभव असा की जिलबी वाटणारं घर बरं. त्यांनी निदान सांगितलं. मी ज्या घरांत जाते तिथे तिसरी मुलगी झाली की काहीच वाटत नाहीत. मामाला फोन नाही, आत्याला निरोप नाही, बारसं नाही. आत्याने नाव ठेवायचं, पाळण्याखालून 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' म्हणायचं, घुगऱ्या वाटायच्या, यातलं काही होत नाही. शाळेत घालायला आले की आईला जन्मतारीख आठवून सांगावी लागते, घरात ती तारीख कुणी कधी उच्चारलेलीच नसते. सातारा जिल्ह्यात 2011 मध्ये नकुशा नावाच्या अडीचशेहून जास्त मुलींना नवी नावं दिली गेली, ते आठवतंय ना? त्या मुलींची बातमी कुणी कुणाला सांगितली असेल?

तेव्हा इथे बातमी आधी कुणी सांगावी यावर भांडताय, त्या भांडणातसुद्धा मला बरंच वाटतंय. सांगावीशी वाटते तरी आहे.

सातारकर
नकुशाचं खरं आहे. नाकारत नाही. पण ती नावं बदलायला पुढे आलेली माणसंही सातारचीच होती, तेही लिहायला हवं होतं.

बीड जिल्ह्यातली शिक्षिका
लिहिलं पाहिजे होतं. मान्य.

निवृत्त परिचारिका, सोलापूर
मूळ विषयावर येते. प्रसूतिगृहात आणि नंतर बालविभागात नोकरी केली. चाळीस दिवस भेटायला न येण्याचा नियम कुणी नवीन शोधलेला नाही. आपल्याच आज्या बाळंतिणीला सव्वा महिना वेगळ्या खोलीत ठेवायच्या, खोलीत ये-जा फक्त एक-दोघींची. आज कारण वेगळं देतात. जन्मल्यावर बीसीजी, पोलिओ आणि काविळीची लस मिळते, पण डांग्या खोकल्याच्या लशीचा पहिला डोस सहा आठवड्यांचं झाल्यावर. तोवर मोठ्या माणसाचा साधा वाटणारा खोकला बाळाला आयसीयूत नेऊ शकतो. मी असं बाळ पाहिलंय. खोकून खोकून निळं पडायचं, दूध ओढायची ताकद नसायची. घरात कुणाला तरी 'जुनाट खोकला' होता, आणि त्यांनीच पापा घेतला होता.

आणि गुटीचं निघालं म्हणून सांगते. सहा महिने फक्त आईचं दूध. गुटी मधात कालवून चाटवतात, ते तर अजिबात नको. वर्षाच्या आत मध दिला तर त्यातल्या जंतूंमुळे बाळाला विषबाधा होऊन अंग लुळं पडू शकतं. याला फॅड म्हणणाऱ्यांनी एकदा वॉर्डात येऊन बघावं.

नाशिकची आजी
भेटायला येण्याचं तुमचं पटलं. मनापासून नाही, पण पटलं. आमच्या सासूबाईंनीही मला सव्वा महिना बाहेर येऊ दिलं नव्हतं आणि तेव्हा मी त्यांच्यावर चिडले होते. गुटीवर मी अजून वाद घालीन, पण मधाचं ऐकलं.

बाकी माझं दुखणं वेगळं आहे, तेही सांगूनच टाकते. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सून तिच्या आईकडे होती. मला नात झाल्याचं कळलं ते मंडईत. भाजीवालीच्या समोर शेजारच्या बाई म्हणाल्या, 'अभिनंदन, स्टेटस पाहिलं.' व्याह्यांनी पाळण्याचा फोटो सकाळीच लावला होता. माझ्या हातात मेथीची जुडी होती, ती तशीच परत ठेवली आणि घरी आले. मुलाने दुपारी फोन केला. म्हणून 'बाळ तुमचं नाही' हे वाक्य मला इतकं लागलं.

खारघरहून, एका वर्षाच्या मुलाची आई
काकू, पण मी हेच तर म्हणतेय! तुमच्या व्याह्यांनी कुणाला न विचारता फोटो लावला, म्हणून तुम्हाला मंडईत कळलं. त्या नियमाने तुमचाच फायदा झाला असता.

नाशिकची आजी
नियमाने नाही. मुलाने आधी मला फोन केला असता तर झाला असता. तो लेख लिहिणाऱ्या मुलीने 'आधी दोन्ही आज्यांना आम्ही स्वतः फोन करू, तोवर कुणी काही लावू नका' असं लिहिलं असतं तर मी सही केली असती.

कोल्हापूरची, सध्या गरोदर
आणखी एक. आमच्या भावकीतल्या ग्रुपवर निरोप येतो, 'अमुक घराण्यात वंशाच्या दिव्याचं आगमन.' खाली आजोबांचं नाव, काकांचं नाव, वडिलांचं नाव. जिने नऊ महिने वागवलं तिचं नाव कुठेच नाही. 2024 मध्ये राज्याने निर्णय घेतला, 1 मे 2014 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर आधी बाळाचं, मग आईचं, मग वडिलांचं नाव. सरकारला जमलं ते आमच्या काकांना जमत नाही. मी नवऱ्याला सांगून ठेवलंय, निरोप आम्ही दोघं लिहिणार, त्यात आधी माझं नाव. मुलगी झाली तरी तोच निरोप.

सातारकर
तुमचं बाळंतपण सुखरूप होवो. निरोप तुम्हीच लिहा, ते बरोबर आहे. आजोबांचं नाव मात्र काढू नका.

कोल्हापूरची, सध्या गरोदर
काढणार नाही. खाली असेल.

पुण्यातला, दोन मुलींचा बाप
आणि खोकं?

सातारकर
माझ्या धाकट्याची बायको सातव्या महिन्यात आहे. काही झालं तरी दोन्ही वाटीन, एका खोक्यात. पण जिलबी वाईट असं मी म्हणणार नाही.