रस्ता रुंदीकरणात जाणाऱ्या झाडांची रुपयांत किंमत कशी काढायची?

लिंबाखाली
आमच्याकडे पुण्यात रस्ता रुंद करायचाय म्हणून कडेच्या झाडांवर नोटिसा चिकटवल्यात. मोठे रेन ट्री आहेत, कडुनिंब, करंज आणि एक जुना पिंपळ. हरकत द्यायला सात दिवस. सोसायटीतले लोक म्हणतात नुसतं "झाडं वाचवा" लिहून काही होत नाही, आकडा द्या, रुपयांत द्या. तर एका झाडाची किंमत नक्की काढतात कशी? नेटवर वर्षाला ७४,५०० रुपये असं दिसलं, त्याला वयाने गुणून टाकलं तर चालेल का? शिवाय या झाडांखाली भाजीवाल्या बसतात, रिक्षा स्टँड आहे, शाळेची पोरं बसची वाट बघत उभी असतात, हे कुठल्या हिशेबात धरतात का, की फक्त लाकूड आणि ऑक्सिजन?

मोजपट्टी
७४,५०० हा आकडा सुप्रीम कोर्टाने नेमलेल्या समितीचा. पश्चिम बंगालमध्ये जेसोर रोडवर रेल्वे उड्डाणपुलांसाठी ३५६ झाडं तोडायची होती, त्या केसमध्ये तेव्हाचे सरन्यायाधीश बोबडे यांच्या खंडपीठाने २०२० मध्ये तज्ज्ञांची समिती नेमली. समितीने झाडाची किंमत म्हणजे त्याचं वय गुणिले ७४,५०० असं सुचवलं, शंभरी ओलांडलेलं झाड एक कोटीच्या वर जाऊ शकतं असंही म्हटलं. पण त्या ७४,५०० पैकी ४५,००० एकट्या ऑक्सिजनचे आणि २०,००० जैविक खताचे आहेत. मला स्वतःला यातला ऑक्सिजनचा भाग सगळ्यात कच्चा वाटतो, कारण हवेत २१ टक्के ऑक्सिजन आधीच आहे, रस्त्यावरची चार झाडं गेली म्हणून तो कमी पडत नाही, आणि सुनावणीत समोरचा माणूस पहिलं बोट तिथेच ठेवणार. म्हणून तुमचा सगळा भार त्या आकड्यावर टाकू नका.

कार्बनचंही तसंच. समजा मोठ्या झाडाचं वाळलेलं वजन ४ टन धरलं, त्यात साधारण निम्मा कार्बन म्हणजे २ टन, त्याचा कार्बन डायऑक्साइड किती हे काढायला गुणिले ३.६७ केलं की ७.३ टन. टनाला २,००० रुपये भाव धरला तरी पंधरा हजाराच्या आतच येतं. एवढं तर कॉन्ट्रॅक्टर सहज भरून मोकळा होईल.

खरी किंमत पानांत आहे. सावली, पावसाचं पाणी अडवणं, धूळ धरून ठेवणं, सगळं पानांच्या क्षेत्रफळावर ठरतं. अमेरिकेच्या वनखात्याने आय-ट्री नावाचं फुकट सॉफ्टवेअर काढलंय, ते याच पद्धतीने चालतं. लंडनमध्ये त्यावर २०१५ साली हिशेब झाला, ८४ लाख झाडं आणि वर्षाला १३ कोटी २७ लाख पौंडांचा फायदा. न्यूयॉर्कमध्ये २००७ च्या अभ्यासात रस्त्याकडेच्या झाडांवर खर्च केलेल्या दर डॉलरमागे ५.६० डॉलर परत येतात असं निघालं. पण लंडनचा दर उचलून पुण्याला लावू नका हं, आपलं ऊन वेगळं, पाऊस वेगळा आणि झाडंही वेगळी.

तुम्ही आत्ता एवढं करा: जमिनीपासून साडेचार फुटांवर खोडाचा घेर मोजा, ३.१४ ने भागलं की व्यास मिळतो. मग फांद्यांचा पसारा मोजा, पूर्व-पश्चिम आणि दक्षिण-उत्तर. प्रत्येक झाडाचा फोटो काढून नंबर द्या.

पारंबी
मला हा रुपयांचा रस्ताच पटत नाही, स्पष्ट सांगतो. जेसोर रोडच्या समितीने त्यातल्या ३०० झाडांची किंमत २२० कोटी काढली होती ना, तरी फेब्रुवारी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने तोडायला परवानगी दिलीच. एकदा भाव ठरला की ज्याच्याकडे पैसे आहेत तो भरतो आणि करवत लावतो. त्यापेक्षा कायदा धरा. आपल्या १९७५ च्या झाडांच्या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली, ५० वर्षं किंवा जास्त वयाचं झाड हेरिटेज धरतात, आणि जितकं झाडाचं वय तितकी नवीन झाडं लावायची असं आहे. म्हणून हरकतीत वयाचा मुद्दा सगळ्यात वर घ्या, तुमचा पिंपळ तर बहुतेक त्यातच बसेल.

ठाण्याची_नीला
पारंबी, तुमचं म्हणणं कळतंय, पण रुपये नसले की प्रकल्पाच्या नफ्या-तोट्याच्या कागदावर झाडाच्या रकान्यात शून्य पडतं, आणि बाजूला वाहनांचा वेळ वाचेल, पेट्रोल वाचेल याचे कोटी मात्र व्यवस्थित लिहिलेले असतात. दोन्ही द्यावं, कायदा आधी आणि हिशेब नंतर.

आणि "एकाच्या बदल्यात पन्नास रोपं" याने फसू नका प्लीज. शिकागोमधल्या १९९४ च्या अभ्यासात ७७ सेंमीपेक्षा जास्त व्यासाचं निरोगी झाड ८ सेंमीपेक्षा बारीक झाडाच्या साधारण ७० पट प्रदूषण हवेतून काढतं असं आढळलं. म्हणजे पन्नास रोपं सगळी जगली तरी कितीतरी वर्षं भरपाई होत नाही, आणि बऱ्याचदा ती लावतात शहराबाहेर, तुमच्या भाजीवालीच्या डोक्यावर ऊन ते ऊनच.

भाजीवाल्या आणि रिक्षावाल्यांचं विचारलंत ते फार महत्त्वाचं आहे. दुपारी १२ ते ४ सावलीत किती माणसं थांबतात ते सलग मोजा, त्याच वेळी सावलीतल्या आणि उन्हातल्या फुटपाथचं तापमान घ्या, हजारेक रुपयांत इन्फ्रारेड थर्मामीटर मिळतो. झाडं गेली तर त्या बायकांना छत्री, पाल, पाणी यावर रोज किती खर्च येईल ते त्यांनाच विचारा आणि त्यांच्या सह्यांसकट जोडा, कारण हा आकडा तुमच्या रस्त्यावरचा आहे, तो परदेशातला म्हणून कुणी उडवून लावू शकत नाही.

लिंबाखाली
सगळ्यांचे मनापासून आभार. उद्या सकाळीच टेप घेऊन चौघं जातोय. पिंपळाच्या वयाचं काय करू? घेरावरून नक्की सांगता येतं का?

मोजपट्टी
घेरावरून अंदाजच येतो, पिंपळ पाण्याच्या कडेला असला तर भराभर वाढतो. जुने फोटो शोधा, लग्नाच्या वरातीचे, गणपतीच्या मिरवणुकीचे, ज्यात मागे झाड दिसतंय असे. आजूबाजूच्या सत्तरीच्या पुढच्या दोघा-तिघांकडून सहीनिशी लिहून घ्या. आधीच्या वृक्षगणनेत त्या झाडाचा घेर नोंदलेला असेल तर ती नोंदही मागा, दोन घेरांतल्या फरकावरून वर्षाची वाढ काढता येते. माहिती अधिकारात ३० दिवस जातील, म्हणून आधी हरकत टाका आणि त्यातच लिहा की वयाचा पुरावा सुनावणीत देऊ.