एकाच आयटीआयचे दोघे: तो मालक झाला, मी ऑपरेटरच. दोष दृष्टिकोनाचा का?

उद्यमबागचा_टर्नर:
नमस्कार मंडळी. गाव खानापूर तालुक्यात, वय 34, बेळगावच्या उद्यमबागेत सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, ऑपरेटर आहे. माझ्याबरोबर आयटीआय झालेला, एका खोलीत भात शिजवून खाल्लेला मित्र आज मच्छेत दोन मशीनचा मालक आहे. परवा आमच्या मालकांनी सगळ्यांदेखत सुनावलं, "त्याचा ॲटिट्यूड होता, तुझा नाही." तेव्हापासून डोकं फिरलंय.

खरं काय ते सांगतो. पाच वर्षांमागं पंपाच्या बॉडीचं बोअरिंग, म्हणजे आतलं भोक (बोअर) मापात कापणं, चालू होतं. इन्सर्ट, म्हणजे कापणारं पातं, झिजत गेला तसा वेअर ऑफसेट (झिजेची भरपाई म्हणून मशीनला द्यायचा आकडा) वाढवत नेला होता. नवा इन्सर्ट बसवला आणि ऑफसेट शून्य करायचा राहिला. पहिला पीस बोअर गेजनं बघायचा असतो. चहाची वेळ झालेली, बघितला नाही. 38 पीसचा बोअर मोठा गेला. टॉलरन्स, म्हणजे चालणारा फरक, 0.03 मिमी, मी गेलो 0.08 नं वर. कापलेलं मटेरियल परत भरता येत नाही, सगळं भंगारात. बॉडी ओतून येते फौंड्रीतनं, म्हणून मी ठोकून दिलं, "फौंड्रीनं कास्टिंगच कडक पाठवलंय."

मित्राचेही त्याच महिन्यात 11 पीस गेले होते. तो सरळ सुपरवायझरकडं गेला, "माझ्या हातनं झालं" म्हणाला, पोटभर शिव्या खाल्ल्या. मग पॅनेलवर चिठ्ठी चिकटवली: 'इन्सर्ट बदलला? ऑफसेट बघ.' पुढं त्यालाच सेटिंगला, म्हणजे मशीन लावून द्यायच्या वरच्या कामाला, घेतलं.

दुसरं म्हणजे कन्नड. आमचा सेटर गोकाककडचा. 1956 ला बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात घातलं, तो राग आमच्या घरात अजून ताजा, आजोबा तर बसवरची पाटीसुद्धा वाचायचे नाहीत. मी पण ताठ, "आपण का शिकायचं?" त्यामुळं सेटरला काही विचारायचंच टाळलं. मित्र मोडकंतोडकं बोलत त्याच्याकडनं सगळं काढून घेत होता.

आता 34 व्या वर्षी हे बदलतं का? की ही सगळी भाषणातली बडबड?

निपाणीच्या_बाई (निवृत्त):
तीस वर्षं गणित शिकवलं. दहावीत नापास झालेली पोरं दोन तऱ्हेची बघितली. एक म्हणायचं, "बाई, माझ्या डोक्यातच गणित नाही." दुसरं म्हणायचं, "बाई, भूमिती केलीच नव्हती." मार्क दोघांचेही 22. फेरपरीक्षेला दुसरं बसायचं, कारण त्याला काय करायचं राहिलंय ते ठाऊक असायचं.

अमेरिकेत म्युलर आणि ड्वेक यांनी 1998 मध्ये पाचवीच्या मुलांवर प्रयोग केले. काहींना "हुशार आहेस" म्हणून शाबासकी, काहींना "मेहनत केलीस" म्हणून. पुढं अवघड कोडी देऊन सगळ्यांनाच अडवलं. मग 'हुशार' पोरं लवकर कंटाळली, त्यांचे गुणही घसरले. मी स्वतः कित्येक पोरांना हुशार म्हणून बिघडवलंय, हे निवृत्तीनंतर कळलं.

पण तुमच्या मालकांनाही एक सांगा. तिथंच नंतर नववीच्या बारा हजारांवर मुलांवर मोठा अभ्यास झाला, 2019 मध्ये छापून आला. बुद्धी वाढवता येते, हे मुलांना तासाभराहून कमी वेळात शिकवलं. अभ्यासात मागं असलेल्यांची ग्रेड वाढली, पण किती? चारपैकी 0.1. तीही जिथं वर्गातली पोरं अवघड गणिताला हात घालणाऱ्याला हसत नाहीत, तिथं जास्त. सगळ्यांदेखत अपमान करणाऱ्या शॉपमध्ये चूक कबूल कोण करेल?

आणि बाळा, सरकारवरचा राग एका खात्यात, शेजाऱ्याची भाषा दुसऱ्या खात्यात.

फौंड्रीवाला_अण्णा:
अरे मर्दा, आमच्या कास्टिंगवर ढकललंस होय! कास्टिंग कडक असतं तर टूल मागं दबून बोअर लहान आला असता. मोठा कसा येईल? तुझ्या सुपरवायझरला हे त्याच दिवशी कळलं असणार. तो बोलला नाही आणि तू सुटलो असं समजलास. सेटिंग तिथंच गेलं तुझं.

मात्र एक विचारतो. मित्रानं मशीन घेतलं, तारण काय ठेवलं? बँक चिठ्ठी बघून कर्ज देत नाही.

कॉलेजवाली_खानापूर:
अण्णांचा प्रश्न बरोबर. माझा दृष्टिकोन एकदम झकास आहे, पण संध्याकाळची शेवटची बस चुकली की मुक्काम मैत्रिणीकडं.

उद्यमबागचा_टर्नर:
अण्णा, लाज वाटली वाचून. लहान यायला पाहिजे होता, हे पाच वर्षांत माझ्या डोक्यातच आलं नाही. तारण म्हणाल तर त्याच्या वडिलांची दीड एकर, रस्त्याला लागून. आमची जंगलाकडं, गवे सोडले तर कुणी फिरकत नाही. म्हणजे मशीनचा हिशोब वेगळा. पण सेटर व्हायला जमीन लागत नव्हती, ते माझं मीच घालवलं.

बाई, शॉपमध्ये हसतात हे खरं. कन्नड बोलायला गेलो तर आमचीच पोरं आधी हसतील.

उद्या सेकंड शिफ्ट, सेटर तोच. 'ऑफसेट शून्य करायचा का?' हे कन्नडमध्ये कसं विचारायचं?

फौंड्रीवाला_अण्णा:
'ऑफसेट झिरो माडबेका?' तीनातले दोन शब्द तर तुला येतातच की.