तालुक्यातल्या सगळ्या पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र) आणि उपकेंद्रांसाठी बाळंतपणाचं एकच सामायिक साहित्य करायचंय, त्यात काय ठेवू?

सीएचओ_गुहागर
नमस्कार मंडळी. मी गुहागर तालुक्यात एका उपकेंद्रावर सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) आहे. आमच्याकडे माहितीची कमी नाहीये, ती सतरा ठिकाणी पडलीय हा त्रास आहे. ट्रेनिंगची मॉड्यूल्स कुणाच्या तरी कपाटात, पीपीएचचा (बाळंतपणानंतरच्या जास्त रक्तस्रावाचा) चार्ट एका पीएचसीत नवा आणि शेजारच्या पीएचसीत जुना, ग्रुपवर चांगल्या पीडीएफ येतात त्या दोन दिवसांत गुड मॉर्निंगच्या खाली जातात. नवीन एएनएम (उपकेंद्राची नर्स) आली की ती पहिल्या नाइट ड्युटीला कुणाला विचारणार? शिवाय आमच्याकडे पावसात रेंज जाते, लाइट जाते, आणि रत्नागिरीला पेशंट पाठवायचा तर तवसाळ-जयगड फेरी मध्यरात्री नसते, मग रस्त्याने मोठा वळसा. तर एमओ (मेडिकल ऑफिसर) आणि एलएचव्ही (एएनएमवर देखरेख करणाऱ्या) मॅडमशी बोलून सगळ्यांसाठी माहितीचा एकच संच करायचं ठरवलंय. काय काय ठेवू, कागदावर ठेवू की मोबाइलवर, आणि अपडेट कुणी करायचं? जे आधीच करतायत त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

लेबररूम_सिस्टर_सावंतवाडी
खूप बरा काम करतास बाय, मनापासून सांगतंय. माझं मत, पहिलं पान फोन नंबरांचं करा. पण सगळ्या जिल्ह्याची डिरेक्टरी नको. आज स्त्रीरोगतज्ज्ञ कोण ड्युटीवर, भूलतज्ज्ञ आहे का, रक्त कुठल्या गटाचं आहे, अँटी-डी (आरएच निगेटिव्ह आईला द्यायचं इंजेक्शन) कुणाच्या स्टॉकला आहे, १०८ आत्ता कुठे उभी आहे, एवढंच. आमच्या बाजूचे पेशंट ओरोसच्या सरकारी हॉस्पिटलला जातात नाहीतर सरळ गोव्याला बांबोळीच्या मेडिकल कॉलेजला, आणि नेमकं कुठं जायचं हे नातेवाईक गाडीत बसल्यावर ठरवत बसले की वेळ तिथेच जातो. म्हणून कुठल्या तक्रारीला कुठं पाठवायचं ते आधीच लिहून भिंतीवर लावा. भूलतज्ज्ञ रजेवर असताना सिझरसाठी पेशंट तिथं पाठवला तर तिथून परत पुढे, हे मी फार बघितलंय आणि त्यात बाईचे हाल होतात. हे पान रोज सकाळी ड्युटी बदलताना एकाच माणसाने अपडेट करायचं, सगळ्यांवर सोडलं तर कुणीच करत नाही.

एमओ_श्रीवर्धन
सिस्टरांशी सहमत. त्यात औषधांचं भर घालतो कारण रात्री घाईत डोस आठवत नाहीत. बीपी वाढून झटके येतात त्यावरच्या मॅगसल्फचा (मॅग्नेशियम सल्फेट) पहिला डोस रेफर करायच्या आधी द्यायचा, १० ग्रॅम, दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम खोल आयएम (स्नायूत). ५० टक्क्यांचं २ मिलीचं अँप्युल म्हणजे १ ग्रॅम, म्हणजे एका बाजूला ५ अँप्युल. अँप्युलवरची टक्केवारी वाचूनच भरायचं आणि मॅगसल्फ जास्त झालं तर उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट त्याच ट्रेमध्ये हवं. प्रसूती झाल्यावर एका मिनिटात, रक्तस्राव टाळायला, ऑक्सिटोसिन १० युनिट आयएम. रक्तस्राव सुरू झाला तर ट्रॅनेक्सॅमिक अॅसिड १ ग्रॅम शिरेतून सावकाश, तेही प्रसूतीपासून ३ तासांच्या आत. आणि ऑक्सिटोसिन फ्रिजमध्ये २ ते ८ डिग्रीला, लेबर रूमच्या ट्रेमध्ये उन्हाळाभर पडलेलं नको! लाइट जाते म्हणताय तर आइसपॅकची सोय आधीच करून ठेवा.

रक्त किती गेलं हे डोळ्यांनी बघून नेहमी कमीच वाटतं, म्हणून खुणा असलेली मोजायची पिशवी मागून घ्या. २०२३ साली आफ्रिकेतल्या चार देशांतल्या ८० हॉस्पिटलांत अशी पिशवी आणि सगळे उपचार एकदमच सुरू करायची पद्धत वापरून बघितली तर गंभीर रक्तस्राव आणि त्यातून होणारी गुंतागुंत ६० टक्क्यांनी कमी झाली. त्याच्या उलट उत्तर प्रदेशात डब्ल्यूएचओच्या बाळंतपणाच्या चेकलिस्टचा मोठा अभ्यास झाला, २०१७ मध्ये निकाल आला, स्टाफचं काम सुधारलं पण मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणून नुसते कागद वाटून थांबू नका, महिन्यातून एकदा तरी पीपीएचचं ड्रिल (सराव) करा, ट्रे उघडून, हात लावून. मोबाइलवर काही हवंच असेल तर सेफ डिलिव्हरी अॅप घ्या, हिंदीत आहे, एकदा डाउनलोड केलं की रेंजशिवाय चालतं.

आशाताई_दापोली
मॅडम आम्हा आशांना विसरू नका हं. तुमचा संच लेबर रूमपासून सुरू होतो पण बाईला पहिला त्रास घरी होतो. डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येते, पायावर सूज, पाणी गेलं, बाळ हलत नाही, अंगावरून जातंय, हे एका कागदावर मोठ्या अक्षरात आपल्या भाषेत द्या, सासूला वाचता येईल असं. दुसरं म्हणजे आमच्याकडे पहिलटकरणी मुंबईहून आठव्या महिन्यात माहेरी येतात, त्यांची फाइल मुंबईच्या हॉस्पिटलची, आपल्या रजिस्टरला नाव नाही, हिमोग्लोबिन शेवटचं कधी बघितलं ते तिलाही माहीत नसतं. ७ च्या खाली आहे हे कळा सुरू झाल्यावर कळून काय उपयोग! म्हणून चाकरमान्यांच्या अशा सुना-लेकींची वेगळी यादी सगळ्या आशांची मिळून एकत्र ठेवा, आणि आल्या आल्या दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची तपासणी असते तिला आणा. गणपतीत हायवेवर गाड्या अडकतात, त्या दिवसांत तारीख असेल तर आधीच मोठ्या हॉस्पिटलजवळच्या नातेवाइकांकडे ठेवायला आम्ही सांगतो, ऐकतात पण बऱ्याच जणी.

गायनॅक_चिपळूण
मी प्रायव्हेटला आहे पण रेफर होऊन आलेले पेशंट बघतो त्यावरून सांगतो. चिठ्ठीवर 'रेफर टू हायर सेंटर' एवढंच लिहिलेलं असतं. बीपी किती, किती वाजता कुठला डोस दिला, पाणी कधी गेलं, हे नसलं की मला सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागतं, मॅगसल्फ दिलं की नाही याचाच पत्ता नसतो. तर रेफरलची एकच छापील चिठ्ठी सगळ्या तालुक्यात करा आणि गाडी निघतानाच पुढच्या हॉस्पिटलला फोन. आशाताईंच्या यादीबद्दल एक काळजी वाटते, ती व्हॉट्सअॅप ग्रुपवर नको. नाव, नंबर, एचआयव्ही रिपोर्टसकट फोटो फिरताना मी पाहिलेत, ते फार वाईट आहे. यादी रजिस्टरलाच ठेवा, ग्रुपवर फक्त औषधं, रक्त आणि ड्युटी.

सीएचओ_गुहागर
सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. यादी रजिस्टरलाच ठेवते, डॉक्टरांचं पटलं. डोसचा चार्ट आमच्या एमओंकडून तपासून सही घेऊन लॅमिनेट करते, त्यावर तारीख टाकते म्हणजे जुना कुठला ते कळेल. फोनचं पान मीच रोज बघेन, माझ्या रजेत एलएचव्ही मॅडम. ड्रिल पुढच्या मीटिंगच्या दिवशीच घेऊ, तेव्हा सगळ्या सिस्टर एकत्र असतात. रेफरल चिठ्ठीचा मराठी नमुना कुणाकडे असेल तर पेशंटचं नाव झाकून इथेच टाका, आठवड्याभरात छापायला द्यायचीय.