एस-१०० पेटीत झेड-८० च्या जागी ८०८५/८०८८ कार्ड लावलं की मशीन अडकतं

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव):
अमेरिकन बनावटीची जुनी एस-१०० कॉम्प्युटरपेटी (१०० पिनांच्या समाईक तारांवर, म्हणजे बसवर, कार्डं बसतात), आत सीव्हीटी (व्होल्टेज स्थिर ठेवणारा) ट्रान्सफॉर्मर, बाहेर २३०/११५ स्टेपडाऊन. झेड-८० प्रोसेसरचं कार्ड आणि ६४ केबी डायनॅमिक मेमरीवर (सतत ताजी करावी लागणारी मेमरी) सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टिम नीट चालते. ८०८५ आणि ८०८८ हे दोन प्रोसेसर असलेलं दुहेरी कार्ड लावलं की कधी दहा मिनिटांत अडकतं, कधी सुरूच होत नाही. ८ व्होल्टच्या लाइनवर झेड-८० ला ७.३ दिसतात, दुहेरी कार्डाला ७.०. कार्ड गेलंय का?

उत्तर १:
कार्ड टाकून देऊ नका, दोष पुरवठ्यात आहे. स्टेपडाऊननं व्होल्टेज उतरतं, पण वारंवारता ५० हर्ट्झच राहते. सीव्हीटी ६० हर्ट्झला जुळवलेला असेल तर ५० वर त्याचं आउटपुटच घटतं. प्रत्येक कार्डावरच्या ७८०५ या रेग्युलेटरला ५ व्होल्ट द्यायला किमान सातेक व्होल्ट लागतात. मीटर सरासरी दाखवतो, रिपलचा (व्होल्टेजच्या चढउताराचा) तळ त्याहून खाली असतो, आणि जुने फिल्टर कपॅसिटर सुकले असतील तर तो आणखी खोल जातो. दुहेरी कार्ड जास्त करंट ओढतं, म्हणून आधी तेच कोसळतं. बेळगावातच ५० हर्ट्झचा साधा ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घ्या. सगळी कार्डं बसवून ८ ते ९ व्होल्ट मिळाले पाहिजेत.

मोजताना जपा: बसच्या पिन १ आणि ५१ वर +८ व्होल्ट, २ वर +१६, ५२ वर -१६, ग्राउंड ५० आणि १००. प्रोब घसरून १ आणि २ जोडले गेले तर कार्डांचं नुकसान होऊ शकतं. वीज बंद केल्यावर कपॅसिटर रिकामे होईपर्यंत कार्ड उपसू नका.

उत्तर २ (खानापूर):
वरचं बरोबर, पण 'सुरूच होत नाही' याचं कारण मेमरीही असेल. काही डायनॅमिक मेमरी कार्डं झेड-८० च्या रिफ्रेश (मेमरी ताजी करण्याच्या) सिग्नलवर जगतात; ८०८५ तो देत नाही. रिफ्रेश न लागणारी स्टॅटिक मेमरी लावून बघा. शिवाय १६ च पत्तारेषा (मेमरीतली जागा सांगणाऱ्या तारा) वाचणारं जुनं मेमरी कार्ड ८०८८ ला दर ६४ केबीला पुन्हा दिसतं, नव्या मेमरीशी भांडतं. आमच्याकडच्या पावसात कार्डाच्या कडा काळवंडतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, खोडरबर नको, सोन्याचा थर निघतो.

प्रश्नकर्ता:
झेड-८० कार्ड बाजूच्या स्लॉटमध्ये ठेवलं तर चालेल का?

उत्तर १:
नको ओ. दोन्ही कार्डं कायमचे मास्टर (बस चालवणारे), एकाच वेळी बसवर बोलतील. दुहेरी कार्डावरचे दोन प्रोसेसर मात्र आपसात बस वाटून घेतात, म्हणून ते चालतं. आणि खास झेड-८० च्या सूचना वापरणारे प्रोग्रॅम ८०८५ वर चालणार नाहीत, झेड-८० चं कार्ड त्यासाठी जपून ठेवा.